पीटीच्या तासाला कट्ट्यावर बसलेला मुलगा

शाळेत पीटीच्या तासाची घंटा झाली, की मुलांचा लोंढा मैदानाकडे धावतो. एक मुलगा मात्र कट्ट्यावर बसतो. पाण्याच्या बाटल्या, कोणाचे घड्याळ, कोणाचा चष्मा त्याच्या ताब्यात. सरांनी त्याला धावफलक लिहायचे काम दिलेले असते. मुले त्याला चिडवत नाहीत, उलट सांभाळूनच घेतात. सहा वर्षांचा असताना त्याला ब्लड कॅन्सर झाला होता, हे सगळ्या वर्गाला ठाऊक आहे. अडीच वर्षे उपचार चालले, ते संपूनही आता चार वर्षे झाली. केस परत आले, रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत, 'आता वर्षातून एकदा दाखवायला या' असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तरी मुख्याध्यापकांच्या फायलीत एक चिठ्ठी अजून आहे: 'सदर विद्यार्थ्यास शारीरिक शिक्षणाच्या तासातून सूट द्यावी.' चिठ्ठी उपचार सुरू असतानाची. तिच्यावर मुदत लिहिलेली नव्हती आणि ती रद्द करायची आठवण कोणालाच झाली नाही, डॉक्टरांनाही नाही.

असा मुलगा किंवा अशी मुलगी आता कोणत्याही तालुक्याच्या शाळेत सापडेल. बालपणीच्या कर्करोगातून बरी झालेली मुले ही आपल्याकडे दिसामासाने वाढत जाणारी संख्या आहे. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण बरेच कमी आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये एक उपक्रम सुरू केला आणि २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले वाचावीत असे उद्दिष्ट ठेवले. मूल वाचले की उपचारांची गोष्ट संपली, असे आईवडिलांना वाटते. ते स्वाभाविक आहे. पण त्या मुलापुढे पन्नास-साठ वर्षांचे आयुष्य असते, आणि ते कसे जाणार हे बऱ्याच अंशी तो मैदानात उतरतो की कट्ट्यावर बसून राहतो यावर ठरते.

हा प्रश्न पूर्वी कोणाला पडलाच नाही, कारण पूर्वी ही मुले जगतच नसत. १९४७ मध्ये बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना ॲमिनोप्टेरिन हे औषध द्यायला सुरुवात केली. सोळापैकी दहा मुलांमध्ये रोग काही काळासाठी मागे हटला. हे औषध पुरवले होते लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेने, आणि तिथल्या संशोधनाचे नेतृत्व करत होते आंध्रातल्या भीमावरममध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढे सदाफुलीची पाळी आली. आपल्या अंगणात, कुंपणाशी, कोणी पाणी घातले नाही तरी फुलणारी ही सदाफुली. तिच्यात मिळालेले विनक्रिस्टीन हे औषध १९६० च्या दशकापासून आजपर्यंत बालकांच्या ब्लड कॅन्सरच्या उपचाराचा कणा आहे. मग अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र देऊन, जोडीला मेंदूवर किरणोपचार करून सुमारे निम्मी मुले पूर्ण बरी करून दाखवली. तोवर असाध्य समजला जाणारा रोग साध्य झाला. ही मुले मोठी होऊ लागली, आणि मग त्या उपचारांची किंमत दिसू लागली.

१९९१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ल्युकेमियासाठी डॉक्सोरुबिसिन हे औषध घेतलेल्या ११५ मुलांच्या हृदयाची तपासणी त्यांनी उपचारांनंतर १ ते १५ वर्षांनी केली. ५७ टक्के मुलांच्या हृदयात काही ना काही दोष आढळला. ही सगळी 'बरी झालेली' मुले होती. २००६ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या पाहणीचे आकडे आले. १९७० ते १९८६ या काळात कर्करोग झालेले आणि आता तरुण झालेले १०,३९७ जण आणि त्यांची ३,०३४ सख्खी भावंडे यांची त्यात तुलना होती. बरे झालेल्यांपैकी ६२ टक्के जणांना एक तरी दीर्घकालीन आजार होता. गंभीर किंवा जिवावर बेतणारा आजार असण्याची शक्यता त्यांच्या भावंडांपेक्षा आठपट होती. आणि या लोकांचे सरासरी वय होते फक्त २७ वर्षे.

हे आकडे वाचून घाबरून जायचे कारण नाही. ते जुन्या उपचारांचे आहेत. आज ल्युकेमियाच्या बहुतेक मुलांना मेंदूवर किरणोपचार द्यावे लागत नाहीत आणि हृदयाला अपायकारक औषधांची मात्राही बेताने दिली जाते. पण औषधे तीच आहेत आणि शरीरही तेच.

डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन ही औषधे लाल रंगाची असतात. ती दिल्यावर लघवीही लालसर होते, त्यामुळे अनेक आयांना नाव नाही तरी 'ते लाल औषध' पक्के लक्षात असते. ही औषधे कर्करोगाच्या पेशी मारतात, पण हृदयाच्या स्नायूतल्या काही पेशीही त्यांना बळी पडतात. कातडीच्या किंवा रक्ताच्या पेशी सतत नव्याने तयार होतात, हृदयाच्या स्नायूपेशी जवळजवळ होतच नाहीत. सहा वर्षांच्या मुलाचे हृदय पुढच्या दहा-बारा वर्षांत कितीतरी मोठे व्हायचे असते. कमी उरलेल्या पेशींनीच ते काम करायचे, म्हणजे हृदयाची भिंत पातळ राहते. एरवी याचा पत्ताही लागत नाही. मूल शाळेत जाते, खाते-पिते. ताण आला की उणीव उघडी पडते: वाढत्या वयात झपाट्याने उंची वाढताना, गरोदरपणात, किंवा तिशी-पस्तिशीत रक्तदाब वाढला की. ज्यांनी ही औषधे घेतली आहेत त्यांना उच्च रक्तदाबही जडला, तर हृदय निकामी होण्याचा धोका नुसता बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो.

सदाफुलीच्या औषधाचा हिशेब वेगळा. ते नसांवर परिणाम करते, विशेषतः पायांच्या. पाऊल घोट्यापासून वर उचलणारे स्नायू दुबळे होतात, पोटरी आखडते. असे मूल चालताना पाऊल आपटत चालते, सपाट रस्त्यावरही ठेचकाळते. घरच्या घरी कळायची एक खूण म्हणजे उकिडवे बसणे. टाचा जमिनीला टेकवून त्याला नीट बसता येत नाही, टाचा वर राहतात किंवा तोल मागे जातो. दुसरी खूण लंगडीची. एका पायावर दहा उड्या मारताना तो लगेच पाय टेकतो. घरचे म्हणतात, 'आजारपणामुळे अशक्त झालाय.' तो अशक्त असतोच, पण हा अशक्तपणा झोपून भरून येत नाही. महिनोन्‌महिने दिलेल्या स्टिरॉइडने स्नायू झिजवलेले असतात, हाडांतले कॅल्शियम कमी केलेले असते, आणि त्याच वेळी भूक वाढवून अंगावर चरबी चढवलेली असते. सुजलेला, गोबऱ्या गालांचा मुलगा बघून शेजारी म्हणतात, 'छान बाळसं धरलंय.' आत स्नायू कमी आणि चरबी जास्त, असा तो मामला असतो.

मेम्फिसच्या रुग्णालयात बालपणी कर्करोगातून वाचलेल्या १,९२२ प्रौढांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. वजनाच्या मानाने स्नायू किती, हाताची पकड किती, चालण्याचा वेग किती, थकवा किती, हालचाल किती, असे पाच निकष लावून त्यांचा जराजर्जरपणा मोजला होता. हे निकष खरे तर सत्तरीच्या आजी-आजोबांसाठी बनवलेले. इथे सरासरी वय होते ३३ वर्षे. पुरुषांपैकी सुमारे ३ टक्के आणि स्त्रियांपैकी १३ टक्के त्या निकषांवर 'जर्जर' ठरले. शिवाय जवळजवळ एकतृतीयांश स्त्रिया त्या वाटेवर होत्या. तेहतिसाव्या वर्षी म्हातारपण, असा त्याचा सरळ अर्थ.

आता आपल्या घरात काय होते ते पाहा. दोन-तीन वर्षे आईने मुलाला तळहातावरच्या फोडासारखे जपलेले असते. मुंबईला नेले, धर्मशाळेत राहिली, गहाण टाकून पैसा उभा केला. उपचार चालू असताना प्लेटलेट्स खाली जातात, तेव्हा पडला तर रक्तस्राव होईल ही भीती खरीच असते. पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा गर्दीत नेऊ नका हा सल्लाही खरा असतो. पण उपचार संपतात, पेशी जागेवर येतात, भीती मात्र जागची हलत नाही. 'पळू नको, दमशील.' 'उन्हात जाऊ नको.' 'तू बस बाळा, ताई आणेल पाणी.' आजी म्हणते, जिवावरचं बोटावर निभावलं, आता त्याला काही करायला लावू नका. शेताच्या कामातून सूट, शाळेत खेळातून सूट, सायकल नाही, विहिरीत पोहायला बंदी. त्याची जागा मोबाइल घेतो. आधीच झिजलेले स्नायू, आधीच पातळ पडलेली हाडे, आधीच वाढलेली चरबी, आणि त्यावर वर्षानुवर्षे बसून राहणे.

वैद्यकशास्त्राने हीच चूक एकेकाळी स्वतः केली आहे, म्हणून घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला सहा-सहा आठवडे कडक अंथरुणात ठेवण्याची रीत होती. कूस बदलायचीही परवानगी मिळत नसे. १९५०च्या सुमारास बोस्टनमध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णांना उचलून खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा रुग्णालयात मोठा विरोध झाला. आता झटका आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डात फिरतो आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. कर्करोगातून उठलेल्या मुलांच्या बाबतीत समाज अजून त्या अंथरुणाच्या काळात आहे.

व्यायामाने खरेच फरक पडतो का? अमेरिका-कॅनडाच्या त्याच पाहणीत लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता: गेल्या आठवड्यात घाम येईल किंवा धाप लागेल असा व्यायाम किमान २० मिनिटे, किती दिवस केलात? लहानपणी हॉजकिन्स लिम्फोमा झालेल्या १,१८७ जणांचा पुढे सुमारे बारा वर्षे मागोवा घेतला. असा व्यायाम अजिबात न करणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना दहा वर्षांत हृदयाचा गंभीर विकार झाला. आठवड्यातून तीन दिवस किंवा अधिक व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. हॉजकिन्सच्या जुन्या उपचारांत छातीवर किरणोपचार होत, म्हणजे हृदयाला सर्वाधिक धोका असलेला हा गट. २०१८ मध्ये त्याच पाहणीतल्या १५,४५० जणांचे आकडे आले. पंधरा वर्षांत, व्यायाम न करणाऱ्यांपैकी ११.७ टक्के दगावले, बेताचा नियमित व्यायाम करणाऱ्यांपैकी ७.४ टक्के. फार जास्त व्यायाम केल्याने त्याहून जास्त फायदा झाला असे दिसले नाही, हेही नोंदवायला हवे. आणि आधी बैठे असून पुढच्या आठ वर्षांत ज्यांनी व्यायाम वाढवला, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बैठेच राहिलेल्यांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी होते. म्हणजे उशिरा सुरू केले तरी वाया जात नाही.

यात एक मेख आहे. ज्यांची तब्येत मुळात बरी तेच व्यायाम करतात आणि ज्यांचे हृदय आतून थकले आहे ते आपोआप बसून राहतात, त्यामुळे आकडे फुगलेले असू शकतात. संशोधकांनी गणिताने ही शक्यता कमी करायचा प्रयत्न केला आहे, तरी ती पूर्ण जात नाही. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेले अभ्यास लहान आहेत. २०१६च्या कॉक्रेन आढाव्यात असे सहाच प्रयोग सापडले आणि त्यांतले सगळे मिळून रुग्ण १७१. फिनलंडमध्ये ल्युकेमियातून बऱ्या झालेल्या १७ तरुणांना सोळा आठवडे घरीच करायचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांचा दम वाढला, उपाशीपोटीचे इन्सुलिन उतरले आणि हृदयाचे शिथिल होण्याचे कामही सुधारले. सतरा म्हणजे फार नव्हेत. पण सगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि योग्य तपासणी करून केलेल्या व्यायामाने अपाय झाल्याचे चित्र कुठे दिसत नाही. बसवून ठेवण्याच्या बाजूने तर असा एकही पुरावा नाही.

तेव्हा प्रश्न 'खेळू द्यावे का' हा नाही. 'या मुलाला कोणते औषध किती मिळाले होते' हा आहे. आणि नेमका इथेच आपला घोळ होतो. उपचार संपले की जाडजूड फाइल घरी येते, ट्रंकेत पडते, घर गळते तेव्हा भिजते. पाच वर्षांनी ताप-खोकल्यासाठी गावच्या डॉक्टरांकडे गेले, तर आई सांगते, 'लहानपणी याच्या रक्तात दोष होता.' यावरून कोणताही डॉक्टर काहीही ठरवू शकत नाही, आणि मग तो सगळ्यात सोपी गोष्ट करतो: विश्रांती लिहून देतो. म्हणून उपचार संपताना एका पानाचा गोषवारा रुग्णालयातून मागून घ्यावा. रोगाचे नाव, उपचार सुरू आणि बंद झाल्याची तारीख, प्रत्येक औषधाची एकूण मात्रा, किरणोपचार झाले असल्यास शरीराच्या कोणत्या भागावर आणि किती, शस्त्रक्रिया कोणती. या पानाचा फोटो आईवडिलांच्या दोघांच्याही मोबाइलमध्ये असावा. जुनी फाइल हरवली असेल, तर जिथे उपचार झाले तिथे केस पेपरचा नंबर घेऊन जावे, नोंदी बहुधा मिळतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात तर उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळे क्लिनिक चालते. देशात अशी सोय तिथे सर्वांत आधी झाली.

गोषवाऱ्यात पहिली नजर टाकायची ती लाल औषधांच्या बेरजेवर. शरीराच्या प्रत्येक चौरस मीटर क्षेत्रफळामागे २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा झाली असेल, किंवा छातीवर जास्त किरणोपचार झाले असतील, तर धोका अधिक. अशांनी दर दोन वर्षांनी हृदयाची इको तपासणी करावी, कमी मात्रा झालेल्यांना पाच वर्षांनी चालते. इको ही सोनोग्राफीसारखीच तपासणी. सुई नाही, किरणे नाहीत. ती ठीक असेल तर धावणे, पोहणे, सायकल, खो-खो, कशालाही आडकाठी नाही. ती थोडी बिघडलेली असेल तरी व्यायाम बंद होत नाही, फक्त तो हृदयरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरतो.

लाल औषध घेतलेल्या तरुणांनी एका बाबतीत मात्र खरेच जपायला हवे, आणि ती बाब हल्ली गल्लोगल्ली दिसते. ती म्हणजे जिममध्ये श्वास कोंडून उचललेले जड वजन. दात-ओठ खाऊन वजन उचलताना रक्तदाब क्षणात खूप वर जातो आणि पातळ भिंतीच्या हृदयाला त्याविरुद्ध पंप मारावा लागतो. हलके वजन, जास्त वेळा, श्वास सोडत उचलणे चालते, किंबहुना झिजलेल्या स्नायूंना त्याची गरजच असते. तीच गोष्ट भरतीची. पहाटे साडेचारला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी पोरे महाराष्ट्रात कुठेही दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सोबत गोळाफेक. त्यांत एखादा असा असतो, ज्याने लहानपणचा आजार मित्रांना सांगितलेला नाही. त्याने तयारी सोडावी असे कोणी म्हणणार नाही. पण तयारी सुरू करण्याआधी एक इको, आणि पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावून धावण्याऐवजी दोन-तीन महिन्यांत हळूहळू वेग वाढवणे, एवढे त्याने करायलाच हवे.

बाकीच्या अडचणी अवयवागणिक बदलतात. दहा-बारा वर्षांनंतर स्टिरॉइड घेतलेल्या मुलांत मांडीच्या हाडाच्या खुब्यातल्या भागाचा रक्तपुरवठा कधीकधी तुटतो. जांघेत किंवा गुडघ्यात दुखते, मूल लंगडते. अशा वेळी 'मुरगळला असेल' म्हणून चोळत बसू नये, एमआरआय करून घ्यावा. तो दोष निघाला तर दोरीच्या उड्या आणि धावणे थांबवावे लागते, पोहणे आणि सायकल बहुधा चालते. पायांच्या नसा कमजोर असतील तर अनवाणी फिरू नये, कारण काटा रुतला तरी कळत नाही. घट्ट बसणारे बूट घालावेत, पोटरीचे ताण रोज द्यावेत आणि पाऊल फारच पडत असेल तर फिजिओथेरपिस्टकडून पट्टा घ्यावा. सूर्यनमस्कारात पोटरी आणि मांडीचे स्नायू चांगले ताणले जातात, त्यामुळे या मुलांना ते मानवतात. मूत्रपिंडाच्या गाठीसाठी एक मूत्रपिंड काढलेल्या मुलांना कबड्डी हमखास बंद केली जाते. खरे तर खेळात मूत्रपिंडाला इजा होणे अगदी विरळ आहे, मोटारसायकलवरून पडून होणारी इजा त्याहून कितीतरी अधिक. तिथे डॉक्टरांशी बोलून ठरवावे, सरसकट बंदी घालू नये. हाडाच्या कर्करोगात पायात धातूचा सांधा बसवला असेल, तर उड्या आणि आदळआपट टाळायची, पण चालणे आणि पोहणे आयुष्यभर करायचे.

मुलींविषयी वेगळे सांगायला हवे. जर्जरपणाच्या आकड्यांत स्त्रिया पुरुषांच्या जवळजवळ पाचपट होत्या, आणि तो अमेरिकेतला आकडा. आपल्याकडे पाळी सुरू झाली की निरोगी मुलीचेही मैदान सुटते. कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलीचे तर त्याआधीच सुटलेले असते. त्यात तिचा आजार लपवला जातो. 'लग्न जमणार नाही' म्हणून फाइल जाळून टाकणारी घरे आहेत. मग तिची इको तपासणी होत नाही, कारण तपासणीला नेले तर चार लोकांत चर्चा होईल. लग्न होते, दिवस जातात, आणि गरोदरपणात रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते तेव्हा त्या पातळ भिंतीच्या हृदयाची पहिली परीक्षा होते. प्रसूतीतज्ज्ञाला काहीच माहीत नसते. लाल औषध घेतलेल्या प्रत्येक मुलीची इको दिवस राहण्याआधी, निदान पहिल्या तीन महिन्यांत व्हायला हवी. बहुतेकींचे बाळंतपण सुखरूप होते. पण ते डॉक्टरांना माहीत असताना होणे आणि माहीत नसताना होणे यांत फरक आहे. सासरी काय सांगायचे हे कुटुंबाने ठरवावे, डॉक्टरांपासून मात्र काही लपवू नये.

किती व्यायाम? जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला आहे: ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास धाप लागेल असे खेळावे, प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम करावा. तीन वर्षे बसून राहिलेल्या मुलाला पहिल्या दिवशी हे झेपणार नाही. दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करावी, दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत वेग पुरेसा. शाळेत सायकलने जाणे, विहिरीवरून छोटी कळशी आणणे, लगोरी, लंगडी हे सगळे व्यायामातच मोडते. सुरुवातीला तो लवकर थकेल आणि आई म्हणेल, 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' हा थकवा वाईट नव्हे. दोन-तीन महिन्यांत तो कमी होतो. या मुलांच्या थकव्यावर नुसत्या विश्रांतीने काही उपयोग होत नाही, हालचालीने होतो. छातीत दुखणे, धडधड, चक्कर येऊन पडणे, आडवे झाल्यावर दम लागणे, पावलांना सूज, यांपैकी काही दिसले तर मात्र व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे.

ही मुले खेळू शकतात याचे दाखले दूरचे नाहीत. मॉस्कोमध्ये २०१० पासून कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरू लागल्या. धावणे, पोहणे, फुटबॉल, बुद्धिबळ, टेबल टेनिस. मुंबईत उपचार घेतलेल्या मुलांचे संघ तिथे गेले आणि पदके घेऊन आले. त्या मुलांना कोणी निराळे औषध दिले नव्हते. त्यांना कोणी तरी सराव करायला मैदानात सोडले होते, एवढेच.

कट्ट्यावरच्या त्या मुलासाठीही नवी चिठ्ठी लागेल, कारण शाळा कागदावर चालते आणि पीटीच्या सरांना आपल्या अंगावर जबाबदारी नको असते. त्यांचेही बरोबर आहे. चिठ्ठीत 'सूट द्यावी' ऐवजी काय करू द्यावे हे लिहिलेले असावे: 'इको तपासणी अमुक तारखेला झाली, ती योग्य आहे. सर्व मैदानी खेळ खेळू द्यावेत. दमल्यास स्वतःहून थांबू द्यावे, थांबल्यास रागावू नये. पाणी जवळ असावे. पुढील तपासणी अमुक महिन्यात.' खाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि फोन नंबर. आणि या वेळी चिठ्ठीवर मुदत.

आईचा शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: 'आणि पडला तर?' उपचार संपून काही महिने झाले, की प्लेटलेट्स इतर मुलांइतक्याच असतात, रक्त तितक्याच वेळात थांबते. गुडघा फुटला तर साबणाच्या पाण्याने धुवावा, औषध लावावे, पट्टी बांधावी. धनुर्वाताची लस उपचारांनंतर परत घेतली आहे का ते लसीकरणाच्या कार्डावर बघून घ्यावे.